फोटोपुरती शिकार

मिलवॉकी, २ ऑक्टोबर

चि. ऑरिनास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बराच वेळ हसले. स्वतःला जिना चढवत नाही, गुडघा दर पावलाला कुरकुरतो, आणि शिकारी क्लबाने म्हणे तुला गुरुजी केलंय, तेही फुकटात! आपल्या बाबांनी तुला बंदूक दिली ती घरात मांस लागायचं म्हणून. आता दुकानं भरलेली असताना पंधरा वर्षांच्या पोरीला हरणामागे लावायचं आणि वर त्याला परंपरा म्हणायचं. आणि अध्यक्ष कोण, तर वेड ब्रुनर. शाळेत बेडूक बघून बाकावर चढणारा माणूस मुलांना जंगल दाखवणार!

ही ब्रिन वडिलांवाचून वाढली, आई इस्पितळात रात्रपाळी करते, असं लिहितोस. मग तिला पोहायला शिकव, गाडी चालवायला शिकव. मुळात तिला काय हवंय, हे कुणी विचारलंय का?

गुडघा शेकत जा. रागावलास तरी उत्तर पाठव.

तुझी,
आर्लिस

टॅमरॅक फॉल्स, १४ ऑक्टोबर

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

विचारलं होतं. ती म्हणाली, मांस खाते, तर ते कुठून येतं ते एकदा स्वतः बघायचंय. आमच्या क्लबात एवढं सरळ उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

शनिवारी मुलांची शिकार झाली. शिकार कसली, जत्राच. ब्रुनरने मचाणांत शेगड्या ठेवल्या, डोनट वाटले, शहरातून फोटोवाला आणला. दुपारी ब्रिनने एका हरणीवर गोळी झाडली. ती छातीऐवजी मागे, पोटात लागली. हरणी दलदलीत शिरली. अशा वेळी लगेच मागे गेलं तर जनावर आणखी दूर पळतं, म्हणून आम्ही थांबलो. तेवढ्यात ब्रुनर आला. म्हणाला, सोडून द्या, कोल्ह्यांनाही खायला हवं. दुसऱ्या मुलाने पाडलेला मोठा नर टांगलाय, पोरीला त्याच्याशेजारी उभी करू, फोटो छान येईल.

ब्रिनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जखमी केलं की शोधायचं. ती बूट घट्ट करून निघाली.

गवतावरचे रक्ताचे थेंब बघत आम्ही चिखलात उतरलो. मी दोनदा रुतलो. तिने मला ओढून काढलं. ऊन कलताना हरणी दिसली. पडलेली होती, पण मान वर होती. ब्रिनने बंदूक उचलली आणि पुन्हा खाली केली. मी बंदुकीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली नाही.

"अर्धं मीच मारलंय," ती म्हणाली. "उरलेलंही माझ्याच वाट्याचं."

गोळी नीट लागली. मग ती लव्हाळ्यात ओकली, तोंड पुसलं आणि हरणीचं पोट साफ करायला माझ्याकडे सुरी मागितली.

आम्ही पोचलो तेव्हा क्लबातलं जेवण संपत आलं होतं. ब्रुनर माइकवरून सांगत होता की सगळ्या मुलांना बक्षिसं मिळाली, एकच पोर म्हाताऱ्या गुरुजींबरोबर वाट चुकली. लोक हसले. ब्रिन रक्ताळलेल्या बाह्यांनी दारात उभी होती.

शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लिही.

तुझा,
ऑरिन

मिलवॉकी, १९ ऑक्टोबर

चि. ऑरिनास आशीर्वाद.

जेवताना पत्र उघडलं आणि ताट सारलं. पोट फाटलेलं जनावर दुपारभर चिखलात तडफडलं, आणि तू ते हवापाण्याच्या गप्पांसारखं लिहितोस. मी विरघळले असं समजू नकोस. तुमचा हा खेळ मला काल घाणेरडा वाटत होता, आजही वाटतो.

मात्र तुम्हा सगळ्यांना मी एका माळेचे मणी समजत होते, ते चुकलं. ब्रुनरला ना जनावराची कीव, ना पोरीची. त्याला हवी फक्त टांगलेली शिंगं. अशा माणसाच्या हाती कुणी मांजरही सांभाळायला देऊ नये.

पोरीला झोप लागते का? आईला सगळं सांगितलंस ना? तिथे लाजू नकोस.

काळजीत असलेली,
आर्लिस

टॅमरॅक फॉल्स, २७ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

आईला त्याच रात्री सांगितलं. दोन दिवस ब्रिन धड जेवली नाही. मग तिने स्वतःच कांदा घालून ते मांस शिजवलं. म्हणाली, टाकून दिलं तर आणखी वाईट. यंदा ती हरणावर गोळी झाडणार नाही. रविवारी माझ्या परसात कागदी थाळ्यांवर नेम धरते, आणि चुकला की माझ्यावरच चिडते.

क्लबाने मला काढलं. मुलीला धोक्यात घातलं, असं कारण दिलंय. ज्या क्लबात जखमी जनावर शोधणं म्हणजे धोका आणि उसन्या शिंगांशेजारी हसणं म्हणजे शिक्षण, तिथे मला तरी कशाला राहायचंय?

काल ब्रुनरच्या हार्डवेअरच्या दुकानात मी खिळे बघत होतो. ब्रिन आली. शिकारीत घालायला दिलेली क्लबाची नारिंगी बंडी तिला परत करायची होती. गिऱ्हाइकांसमोर ब्रुनर गोड आवाजात म्हणाला की तिला चांगला तरणा गुरुजी देऊ, पुढच्या वेळी फोटो नक्की.

तिने बंडी गल्ल्यावर ठेवली.

"फोटो तुम्ही काढा," ती म्हणाली. "मला शिकार शिकायचीय. ती मी ऑरिनकाकांकडे शिकते."

दुकानात कुणी हसलं नाही. ब्रुनर त्या बंडीची घडी घालत बसला. घातली, मोडली, पुन्हा घातली. मी खिळे तिथेच टाकले आणि तिच्यामागोमाग बाहेर पडलो.

माझ्यावर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ऑरिन