ट्यूबलेस टायर आणि प्रतापसिंहरावांची मिशी

समा, बडोदे

तीर्थस्वरूप रमाकांतदादांस,

विश्वंभरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींची शुगर, दोन्ही आटोक्यात आहेत असे धरून लिहितो. (नसतील तर आधी तसे कळवा, माझे रडगाणे थांबू शकते.) इकडे मी ठीक. शालिनी गेल्यापासून ‘ठीक’ म्हणजे काय हे कोणी विचारत नाही, त्यामुळे तो शब्द चालून जातो.

उन्हाळ्यात अनयचा मेलबर्नहून फोन आला, की दिवाळीला येतो आणि आल्यावर रेसची सायकल बाहेर काढतो. सावली रोडला वेड्या बाभळीचे काटे फार, म्हणून तिला ट्यूबलेस टायर बसवून ठेवा म्हणाला. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूबच नाही. टायर रिमला घट्ट धरून बसतो, आणि भोक पडले की आतले दुधासारखे औषध तिथे गोठून ते बुजवते. अलकापुरीतला दुकानदार ‘काका, चिंता ना करो’ म्हणत बसवून द्यायला तयार होता. पण मुलाचे काम आपल्या हाताने करावे अशी मला हौस आली. (जन्मभर रिफायनरीत पाइप जोडलेल्या माणसाला सायकल काय जड, हा माज वेगळाच.) हातपंपाने मारली तेवढी हवा कडेने निघून गेली.

शेवटी शेजारचे प्रतापसिंहराव आपला कॉम्प्रेसर घेऊन आले. निघाले होते ते एका गुजराती स्नेह्याच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, पांढरेशुभ्र कपडे घालून. टायर फुगला, ते कौतुकाने खाली वाकले आणि धाडकन टायर रिमवरून सुटला. औषध सगळे त्यांच्या मिशीत. ते साबणाने हलेना, तेलाने हलेना. अखेर मिशी उतरवावी लागली. दादा, ती सरदार घराण्यातली मिशी. सफाचट तोंडाने ते बेसण्यात शिरले तेव्हा लोकांना वाटले, ह्यांच्याच घरचे कोणी गेले. गेलेल्या माणसाच्या मुलाने उठून ह्यांचेच सांत्वन केले. तिथे ते खरोखर रडले म्हणे. माझ्याशी अजून बोलत नाहीत.

मग टायर मुकाट्याने दुकानात बसवून घेतले आणि स्वतःच सायकल चालवून पाहिली. काटा घुसला, फुस्स झाले, थोडे दूध उडाले आणि भोक आपोआप बंद. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. रस्त्याच्या कडेला उभे राहून तिथूनच अनयला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाबा, दिवाळीचं नाही जमणार. सायकल विकून टाका. नुसती उभी राहिली तर आतलं औषध वाळून जाईल.”

मी बरं म्हणालो. आवाज असा का येतोय असे त्याने विचारले, तर ट्रक गेला म्हणून मी सांगितले.

सध्या चहा झाला की सायकल उलटी करतो आणि दोन्ही चाके हाताने फिरवत बसतो. वेळ बरा जातो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
विश्वंभर

ता. क. अनय तुम्हाला फोन करतो, हे मला ठाऊक आहे. तो कायमचाच तिकडे राहणार का, एवढे काढून घ्या. मला विचारता येत नाही. मी विचारले तर तो खरे सांगेल.

आणखी एक. सायकल अजिबात विकायची नाही, असे मला चांगले खडसावून लिहा. तुमचा शब्द मी मोडत नाही, हे त्याला माहीत आहे.