लिनक्सचा दोष नव्हता

दिल्ली,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. राजनंदिनीताईस,
जोतीरामचा नमस्कार.

मी इकडं बरा आहे. थंडी सुरू झाली, दुकानात शटरखालनं वारं येतं. जुने कॉम्प्युटर खोलायचे, पुसायचे, जोडायचे, तेच काम चालू आहे. आईचे गुडघे कसे आहेत? म्हस व्याली का? आण्णांना नमस्कार सांग.

सोबत नवा माऊस पाठवलाय. कॉम्प्युटरमधली लिनक्स सिस्टीम माऊस ओळखत नाही त्यावर काय करायचं ते लिहितो, नीट वाच. पहिल्यांदा माऊसच्या पोटातला सेल काढून परत बसव. मग कंट्रोल, आल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाब, काळी खिडकी उघडेल. तिच्यात एल एस यू एस बी असं लहान अक्षरांत, मधी जागा न सोडता टाईप कर आणि एंटर मार. यादी येईल. यादीत माऊस असला तर तो दारात आलाय पण सिस्टीमनं घरात घेतला नाही, असं समज. नसला तर तो दारापर्यंत पण आला नाही. मग कॉम्प्युटर बंद करून परत चालू कर, परत तीच काळी खिडकी...

एवढ्यात आण्णांनी कागद तुझ्याकडं भिरकावला असेल. "घे, तुझ्या भावाचं पुराण!" कुरियरचं खोकं तेच फोडणार, म्हणून वरचं सगळं लिहिलं. आता एकटी बसून वाच.

ताई, वरचं काही करू नकोस. माऊसची ती बारकी चिप पुढच्या सॉकेटातनं काढ आणि मागं, कीबोर्डची वायर लावलीय त्याच्या शेजारी लाव. चालू होईल. नवा माऊस लागत पण नव्हता. पत्र घालायला कायतरी निमित्त पाहिजे होतं.

गणपतीत कॉम्प्युटर जोडून दिला तेव्हा पुढच्या सॉकेटची आतली वायर लावायची माझ्याकडनं राहिली. दिल्लीत आल्यावर ध्यानात आलं. तोपर्यंत मी फोनवर सांगून बसलो होतो की लिनक्सलाच तुझा माऊस ओळखू येईना. नववीत शाळा सोडलेल्या पोरानं जोडलेला डबा, आण्णा काय बोलले असते तुला ठाऊक आहे.

मग तुझा रोज फोन यायला लागला. मी इथनं तुझ्या पडद्यावरचा बाण फिरवायचो आणि तू ओरडायचीस, "आई, बघ की! जोत्या दिल्लीतनं बाण फिरवालाय!" मागनं आई म्हणायची, "जेवलाय का इचार त्याला." घर सोडल्यापासनं माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं. चिप मागं लाव, एवढंच सांगायचं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो.

दिवाळीच्या आधी तू मला मेल उघडून द्यायला सांगितलंस. दिला. तू म्हणालीस, "बास, बंद कर आता." मी म्हणालो, "केलं."

केलं नव्हतं.

तू तुझ्या मैत्रिणीला, मोनाला लिहीत होतीस. हैदराबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागलीय, दोन डिसेंबरला हजर व्हायचंय, आजऱ्याच्या पाहुण्यांना होकार जायच्या आत निघणार, घरी तिथनं कळवणार. एकेक अक्षर उमटताना मी बघत बसलो. "आईला सोडून जाताना" एवढं लिहून तू खोडलंस, ते पण बघितलं.

आण्णांना मोनानं सांगितलं नाही. मी सांगितलं.

एकटी पोरगी परमुलखात कशी राहणार, म्हणून सांगितलं, असं मी मनाला समजावलं. पण मी तरी कुणाला विचारून आलतो? रेल्वेत बसल्यावर फोन केलता. खरी गोष्ट वेगळी आहे. आण्णा फोन उचलला की "थांब, आईला देतो" म्हणतात, एवढंच आमचं बोलणं. त्या दिवशी मी म्हणालो, "ताईचं एक सांगायचं हाय." त्यांनी फोन आईला दिला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं केलंस लेका." ताई, मी त्या दिवशी दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

मग त्यांनी तुझा मोबाईल काढून घेतला. आणि तू मोनाच्या दारात जाऊन चारचौघांत तिला घरभेदी म्हणालीस. हे मला आईनं फोनवर सांगितलं.

काल मोनाला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "माझ्या सासूसमोर बोलली ती मला. आणि तू गप ऱ्हायलास व्हय रं?" मग म्हणाली, "हैदराबादवाले मला फोन करालेत. तिचा नंबर लागंना म्हणत्यात. काय सांगू त्यास्नी? येती का न्हाय?"

आण्णांना पण फोन केला. ताईला जाऊ द्या म्हणालो. "तुला कोण इचारतंय," म्हणाले आणि फोन आईला दिला. मी बिघडवलेलं माझ्यानं नीट होत नाही.

नेटचे पैसे मी इथनं भरलेत, ते चालू आहे. माऊस चालू झाला की पहिलं एक काम कर. मेनूत रिमोट नावाचा प्रोग्राम आहे, गणपतीत मीच घातलेला, त्यातनंच मी बाण फिरवायचो. त्याच्यावर उजवं बटण दाबून अनइन्स्टॉल कर. तुझा मेल वाचला त्या दिवसापासनं मी तुझ्या पडद्यावर आलेलो नाही, पण माझ्या शब्दावर राहू नकोस. काढून टाक.

मग मेल उघड आणि जाणार का राहणार, ते तुझ्या हातानं लिही. मला कळवू नकोस. मोनाला कळव.

जोतीराम