सिंगल बेल, डबल बेल

९ मे, हर्सूल
बॅग भरून झाली. येसराचे, आमटीच्या मसाल्याचे, दोन डबे वर ठेवले. शेजारच्या काकूंनी करून दिला. सुमनच्या हाताचा नाही, पण आहे.
निघायच्या आधी लिहून ठेवतो, म्हणजे बर्लिनला लेकीकडं जाऊन माघार नको. मंजूला वाटतं, आई अचानक गेली. अचानक नाही. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले होते, पोरीला कळवा. मी फोन हातात घेतला, तर सुमनच म्हणाली, "उद्या तिची गाडीची परीक्षा हाय. दोनदा नापास झालीय. होऊ द्या, मंग सांगा." बायकोचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ती गेली. दोनला मंजूचा फोन. पास झाले आप्पा, आईला द्या!
मी म्हणालो, झोपलीय.
संध्याकाळी सांगितलं, तेही अर्धंच. रातोरात निघाली असती तरी पोचली नसती. पण आईशी फोनवर बोलली असती. सहा महिने झाले. हे फोनवर सांगायचं काम नव्हे. समोर बसून सांगणार.

१३ मे, बर्लिन
मंजू विमानतळावर न्यायला आली, स्वतःची गाडी घेऊन. मी सवयीनं डावीकडचं दार उघडलं, तर पुढ्यात स्टिअरिंग. इथं सगळं उलटं. चांगली चालवते. आरसा बघते, मान वळवून मागं बघते, मगच वळते.
"लायसन लई कामाला आलं बघा आप्पा," म्हणाली.
ज्या परीक्षेपायी तिला कळवलं नाही, तिचीच ही गाडी. आज नाही. प्रवासाचा शीण आहे.

१७ मे
मंजू रजा काढून गाडीनं शहर दाखवते म्हणाली. मी म्हणालो, मी आपला रेल्वेनं फिरेन.
"माझ्या गाडीत बसायला भ्या वाटतंय का?"
व्हय म्हणालो. एक खोटं होतंच, त्यात ही भर. तिचं तोंड उतरलं.
जावयांनी, अनिकेतरावांनी, नकाशा समजावला. लासूरचा माणूस, शांतपणे सांगतात. आपली लाइन निळी, यू-आठ, जमिनीखालून. एसटी डेपोतला वेळापत्रकाचा तक्ता कळत होता, तर हेही कळेल.
कळलं. एकटा गेलो, एकटा आलो. दार लागायच्या आधी दर स्टेशनावर एक आवाज येतो, त्सुरुकब्लाइबन बिट्टे. संध्याकाळी अर्थ विचारला. अनिकेतराव म्हणाले, "मागं राहा, म्हणतेत." एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर म्हणून मी ओरडलो, पुढं सरका, पुढं सरका. इथं म्हणतात मागं राहा.
सुमन गेल्यावर भेटायला येणारे विचारायचे, मागं कोण कोण हाय? मी आणि मंजू. दोघंच.

२४ मे
आज बस. पिवळी, दुमजली, आत कंडक्टर नाही. जीव चुटपुटला. खांबावर लाल बटण. एका बाईनं ते दाबलं, टिंग झालं, पुढच्या स्टॉपला बस थांबली. म्हणजे सिंगल बेल! ती उतरली, दार लागलं, आणि माझा हात आपोआप गेला. दोनदा दाबलं. डबल बेल, चला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि पुढच्या स्टॉपला उगाच थांबला. उतरलं कोणीच नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो.
जेवताना सांगितलं. मंजूला सगळं आठवतं. सुट्टीत माझ्याबरोबर कन्नड ते देवगाव रंगारी फेरीला यायची, सीटवर उभी राहून बेलची दोरी ओढायची. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल. "एकदाची बेल तुम्ही मला कधी वडू द्यायचे नाय," म्हणाली. खरंय. थांबवायचं काम जोखमीचं, ते माझ्याकडे.
सांगायला चांगली वेळ होती. पोळी संपवली आणि उठलो.

२ जून
लिहायलाही लाज वाटते. विदाउट तिकीट धरला गेलो.
तिकीट होतं! आज पहिल्यांदाच स्वतः यंत्रातून काढलेलं, खिशात घडी घालून ठेवलेलं. दोन साध्या कपड्यांतली माणसं आली, ओळखपत्र दाखवलं. मी ऐटीत तिकीट पुढं केलं. त्यांनी उलटसुलट केलं, मान हलवली. छाप नव्हती. फलाटावरच्या पेटीत आपलं आपण छापून घ्यायचं असतं म्हणे. आता मी जन्मभर लोकांच्या तिकिटाला पंच मारला. पंच मारायला कंडक्टर येईल, म्हणून मी वाट बघत बसलो होतो.
स्टेशनावर उतरवलं. मंजूला फोन केला, ती गाडी घेऊन आली, त्यांच्याशी बोलली, पावती घेतली. मी खाली मान घालून गाडीत बसलो. थोडं पुढं गेल्यावर खुदकन हसली. मग आवरेचना.
"आप्पा, कंडक्टर आन् विदाउट! आई आसती तर पोट धरून हसली आसती."
सहा महिन्यांनी हसत होती. आणि मी तेव्हाच सांगितलं. का तेव्हाच, माहीत नाही. आईचं नाव तिनं काढलं, म्हणून. सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, सुमन काय म्हणाली, मी काय केलं.
तिनं इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेतली. परीक्षेत घेतात तशी. इंजिन बंद केलं.
"झोपलीय म्हणालात तुम्ही."
"व्हय."
"मी परत विचारलं, उठवता का. तुम्ही म्हणालात, नको, दमलीय."
हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.
मग तिनं गाडी काढली आणि घरी आणलं.

९ जून
मंजू ऑफिसला रेल्वेनं जाते. गाडी झाडाखाली उभी. झाडातून काहीतरी चिकट गळतं, काच धुरकट झालीय. मी फडक्यानं पुसायला गेलो. वरून खिडकीतून म्हणाली, "राहू द्या." बाकी बोलणं कामापुरतं. चहा झालाय. जेवून घ्या.
अनिकेतराव म्हणतात, "वेळ द्या तिला, आप्पा." वेळ मी दिला होता, सहा महिने. तोच नडला.

२० जून
उद्या निघायचं. येसराचा एक डबा तसाच बंद आहे.

२३ जून, हर्सूल
घरी. तुळशीला शेजारच्यांनी पाणी घातलंय.
निघतानाचं लिहायचं राहिलं. विमानतळापर्यंत अनिकेतराव आले. मंजू आमच्या यू-आठच्या फलाटापर्यंतच. ऑफिस आहे म्हणाली. पाया पडली. गाडी आली, आम्ही चढलो, तो आवाज आला, मागं राहा. ती पिवळ्या पट्टीच्या मागं सरकली.
माझा हात वर गेला आणि नसलेली दोरी मी दोनदा ओढली. चल.
दार लागलं. गाडी हलली. काचेतून दिसलं, मंजूनं हात वर केला आणि दोरी ओढली. एकदा.
दुसऱ्यांदा ओढली की नाही, माहीत नाही. तोवर गाडी बोगद्यात शिरली.