पाच मेहुणं आणि ऐंशी प्रकार

सर, परवा कॉलेजात तुमचा फोटो लावला. हार घालायला माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलावलं, कारण आता मी खर्ड्यात बारावीच्या गणिताचे क्लास घेते आणि चार लोक मला ओळखतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लगेच हो म्हटलं. तुमच्या प्रेमापोटी नव्हे, डाव साधायला.

तो तास अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही फळ्याशी उभे आहात. पाच मेहुणं जेवायला आलीत, म्हणजे माणसं दहा. त्यांतली कुठलीही चार निवडायची. त्यांत एकही नवरा-बायको जोडीनं नसण्याची संभाव्यता किती? तुम्ही पाचांतली चार घरं निवडायचे पाच प्रकार धरलेत, एकूण निवडी दोनशे दहा, आणि पाच भागिले दोनशे दहा लिहून खडू ठेवलात. मी उठले. म्हटलं, "सर, प्रत्येक घरातून नवरा घेता येईल नाहीतर बायको. चार घरांचे सोळा प्रकार होतात. पाच गुणिले सोळा, ऐंशी. वर ऐंशी पाहिजेत." तुम्ही हसलात. "घरटी एक माणूस बोलावलं तर कोण येतं गं? बाई येती व्हय?" सगळा वर्ग खिदळला. मी तरी बसले नाही. "सर, आमंत्रण कुठंय, नुसतं निवडायचंय!" हे तुम्हाला झोंबलं. बाजारच्या दिवशी वडिलांना गाठून सांगितलंत, "पोरगी लई उलट बोलती. गणितात काय दम न्हाई. इंजिनिअरिंगचं खूळ सोडा, लगीन उरका." वडिलांना तुमचा शब्द म्हणजे देवाचा. परीक्षा संपली आणि मी खर्ड्याची सून झाले. पदवी मिळवली ती पोर मांडीवर घेऊन, दर पेपराला तुम्हाला शिव्या घालत.

परवा हार घातला, खडू मागितला आणि तेच गणित फळ्यावर सोडवलं. ऐंशी भागिले दोनशे दहा, म्हणजे आठ छेद एकवीस. माईकवर म्हणाले, "या सरांना हे येत नव्हतं." काय सांगू, जीव असा गार झाला!

तेवढ्यात पुढच्या रांगेतून काकू उठल्या, तुमच्या घरच्या. काठी टेकत माझ्यापाशी आल्या. "पोरी, त्यांना त्याच संध्याकाळी उमगलं हुतं. चहा पिता पिता म्हनले, पोरीचं बरोबर हाय. मग बाजाराला तुझ्या वडलांना भेटले. हेच सांगाया गेल्ते ना?"

तुम्ही काय सांगितलंत ते मी त्यांना सांगितलं, सर. एक शब्द गाळला नाही. त्या काठी टेकत परत जागेवर जाऊन बसल्या.

इतकी वर्षं मी तुम्हाला ढ समजत होते. ढ माणसाला एखादे दिवशी माफही केलं असतं. आता नाही. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि काकूंच्या हाती द्यायचा मला धीर नाही. एकच कबूल करते. "पोरीचं बरोबर हाय" असं तुम्ही म्हणाला होतात, हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतोय.