रकाना चार आणि अकरा यांचे शुद्धिपत्र

दिनांक ९, सोमवार

चि. भिंगरी यास वडिलांचे अनेक आशीर्वाद.

लिहून देणार तुझे वडील, वय वर्षे सत्त्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा छापखान्यात खिळेजुळणी (शिशाची अक्षरे जुळविणे), सध्या निवृत्त. कारणे लिहून देतो की, माझी प्रकृती उत्तम आहे. जिन्यातील दिवा दुरुस्त झाला.

तुझ्या डॉक्टरांची प्रश्नावली मी गेल्या महिन्यात भरून परत केली. रकाना चार : ‘लहानपणी मुलाचे लक्ष लागत नसे काय? तो एका जागी बसत नसे काय?’ मी लिहिले, ‘मुलगा सर्वसाधारण होता.’ त्या उत्तरामुळे तुझे लक्ष न लागण्याच्या विकाराचे निदान अडले व औषध सुरू झाले नाही, हे तुझ्या चार ओळींच्या पत्रावरून समजले. तिसरी नोकरी गेल्याचेही समजले.

औषध उत्तेजक जातीचे आहे, हे वाचून मी संतापलो होतो. ज्याचा पाय मुळात ठरत नाही, त्याला आणखी उत्तेजन? शेजारच्या सिस्टरबाई हसल्या. “काका, नावावर जाऊ नका. त्यानं माणूस उधळत नाही, उलट मन जागेवर येतं. एक गोळी चारेक तास चालते, ती दिवसातून दोन-तीनदा. दुसरी सकाळी एकदाच, दिवसभर पुरते. भूक मरते, झोप उडू शकते. नाहीच मानवलं तर उत्तेजक नसलेलं औषधही आहे, पण गुण यायला आठवडे लागतात. आणि आधी घरात कोणाला हृदयाचं काही आहे का, ते विचारतात. तुम्ही लिहिलंत ना?”

मी विषय बदलला.

आता रकाना चार. तू नऊ वर्षांचा असताना मी जुळवलेले अख्खे पान उधळलेस. प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकावा, म्हणून मी तुला बसवले व तुझा डावा पाय पट्ट्याने खुर्चीस बांधला. संध्याकाळपर्यंत तू सात खिळे लावलेस. उरलेला वेळ हातातील एका खिळ्यावर ऊन कसे फिरते, ते पाहत होतास. तुझी आई म्हणाली, “अहो, तो मुद्दाम नाही हो करत. त्याला जमतच नाही.” मी म्हणालो, “पट्टा सोडायचा नाही.” असे एकदाच घडले नाही. तो पट्टा दोन वर्षे खुर्चीसच होता.

तुला काही होते असे लिहिले असते, तर मी शिक्षा कशाची केली, हा प्रश्न माझ्यापुढे आला असता. म्हणून ‘सर्वसाधारण’.

रकाना अकरा : घराण्यात हृदयविकार. तेथे ‘नाही’ असे आहे. ते चूक. गेल्या वर्षी माझ्या हृदयाचे ठोके बिघडून मी अकरा दिवस रुग्णालयात होतो. तुला कळवले नाही. भेटीच्या वेळेस मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे दाखवीत असे, म्हणजे कोणी येत नाही हे इतरांच्या ध्यानात येऊ नये. हे डॉक्टरांस अवश्य सांग. तपासणी झाल्यावाचून त्यातील कोणतीही गोळी घेऊ नकोस.

एकोणचाळीस वर्षांत माझ्या हातून चुकीचे पान छापले गेले नाही, असे मी सर्वांस सांगत आलो. ते विधान मागे घेतो.

हे पत्र डॉक्टरांस दाखविण्यास माझी हरकत नाही.

वरील मजकूर वाचून पाहिला, तो खरा आहे.

तुझा बाप

समक्ष हजर साक्षीदार :
१. शेजारच्या सिस्टरबाई. रुग्णालयात त्यांनीच नेले.
२. तुझी आई हयात असती, तर येथे तिची सही असती. ती जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे. सही येऊनच करावी लागते.