काही अर्थ नाही, असे मी म्हणालो त्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय, पण घाईत लिहीत आहे. उद्या छातीचे ऑपरेशन आहे. एवढे लिहीपर्यंत तीनदा उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. माझे रंगाच्या डागांचे शर्ट तिने खुशाल फेकावेत. तीस वर्षे ती टपून बसली आहे.

२. कॉम्प्रेसर, स्प्रे गन व सर्व हत्यारे मुलीला. जावईबापूंनी हात लावू नये. माझ्या चांगल्या पान्याने त्यांनी भिंतीत खिळा ठोकला होता, हे मी विसरलेलो नाही.

३. जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

ही गाडी आम्ही दोघांनी भंगारातून उभी केली. रंग माझा, वायरिंग त्याचे. पण स्टार्टर मारला की स्पीडोमीटरची केबल तापून धूर यायचा, आणि रस्त्यावर काटा पिसाळल्यासारखा नाचायचा. तीन केबली जळल्या. मी चारचौघांत म्हणालो, "तुझं वायरिंगच कच्चं!" तो टेस्टर ठेवून निघून गेला.

गेल्या महिन्यात दोष सापडला. इंजिनाची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथला रंग मी खरवडलाच नव्हता. उलट तीन हात दिले होते, आरशासारखे. रंगातून करंट जात नाही. परतीची वाट बंद, म्हणून तो बिचाऱ्या केबलमधून घुसायचा. पत्रा उघडा करून बोल्ट आवळला, काटा शहाणा झाला. नाचता येईना अंगण वाकडे, ते माझेच.

हे कळवायला फोन केला, तो भावजयीने उचलला. ती म्हणाली, "भावजी, हे अकरा वर्षांपूर्वी तुमच्या दारात आले होते. 'दादा, पुन्हा एकत्र काम करू या का?' असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'काही अर्थ नाही!'"

त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा होतो. कॉम्प्रेसर चालू. तो आल्याचे मला कळलेही नाही. मी तारेशी बोलत होतो. आमच्या धंद्यात अर्थिंगला अर्थच म्हणतात, हे त्यालाही ठाऊक. पण दुखावलेला माणूस शब्द आपल्या अंगाला लावून घेतो. मला त्याची फार आठवण येते.

४. वकीलबाई म्हणाल्या, "काका, कलम तीन तुमच्या माघारी त्यांना वाचून दाखवू." माघारी? मग मी त्याचे तोंड कधी पाहणार? सबब ते कलम आजच अंमलात आणत आहे. गाडीतली शेजारची सीट त्याच्यासाठी मोकळी हवी, म्हणून साक्षीदार रिक्षाने मागून आले.

साक्षीदार:
१. आमच्या गल्लीतले शिंपी (सही)
२. वकीलबाईंचे कारकून (सही)

ठिकाण: धाकट्याच्या फाटकासमोर, बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, सकाळ.

सही करताना समोरचे दार उघडले, म्हणून ती वाकडी आली. ग्राह्य धरावी.