हेड मी उतरवलं

प्रिय राजकुमार,

फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या नंबरवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून हा कागद. तो फाडायचा ठरवलास तरी आधी अर्धा वाचशील, कारण तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात वहिनी म्हणून आले आणि तेव्हापासून तुझ्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. जालन्याच्या कारखान्याचा पत्ता तुझ्या दोस्ताच्या बायकोनं, धम्मशीलानं दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती देत नव्हती, पण मी तिच्या ओट्यावर बसून राहिले, स्वयंपाकाची वेळ झाली तरी उठले नाही.

आता बातमी सांगते. आपली पिकअप चालू झाली. हो, तीच, जी होळीनंतर राजूर घाटात मिरची भरलेली असताना तुझ्या हाताखाली उकळली आणि तेव्हापासून शेडमध्ये कोंबड्यांना बसायला होती. नांदुऱ्याच्या मेकॅनिकनं तेव्हाच सांगितलं होतं, हेड गॅस्केट उडालं, इंजिनच्या तेलात पाणी शिरलं. तेलाचं अगदी ताक झालं होतं. तुझा दादा म्हणाला होता, हिला आता एकही पाना लावायचा नाही. दिवाळी झाल्यावर चौकातले शेषराव भंगारात न्यायला आले, तर मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, पंधरा दिवस थांबा, ही मी खोलते. शेषराव हसले. "गाडीचं डोकं उतराच्या आधी बाईचं फिरलं," असं त्यांनी सगळ्या चौकाला सांगितलं. मी म्हटलं, फिरलं तर फिरलं, गाडीला हात लावायचा नाही.

तुझा दादा काही बोलला नाही. त्याचं गप्प बसणं तुला माहीत आहे, भिंतीला सुद्धा त्याच्यापेक्षा जास्त बोलता येतं. पण अडवलंही नाही. मी शिलाई मशीन स्वतः खोलून बसवते, शेतातली मोटर दोनदा चालू केली आहे, मग हेही लोखंडच आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगू, आतून भीती वाटत होती. पण चौकात बोलून बसले होते, आता मागे फिरले असते तर शेषरावांना जन्मभर पुरेल एवढी गंमत मिळाली असती.

निवृत्ती मिस्त्रींना बोलावलं. एसटीच्या वर्कशॉपमधून ते रिटायर झाले हे तुला ठाऊक आहे, पण आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते शेडमध्ये बाजेवर बसले आणि मी त्यांचे हात झाले. पहिल्या दिवशी पाणी काढलं, ताक झालेलं तेल काढलं, नळ्या सोडवल्या. प्रत्येक बोल्ट जिथला तिथेच परत जायला हवा म्हणून मी कपाशीच्या बियाण्याच्या खोक्याला भोकं पाडली आणि इंजिनवर जसे होते तसेच बोल्ट त्यात खोचले. म्हातारा खूश झाला, म्हणाला, "माह्या हाताखालच्या पोट्ट्याइले हे कधी सुचलं नाई." मी तीन दिवस त्याच आनंदात होते.

हेड उचलायला दोन माणसं लागतात. बाजूचं कुणी येईना, सगळ्यांना दुरून बघायचं होतं. शेवटी तुझा दादा कुठूनसा आला, एका बाजूनं धरलं, उचललं, खाली ठेवलं आणि हात पुसत निघून गेला. हेड आणि ब्लॉक यांच्यामधला तो पातळ पत्रा, तेच गॅस्केट, ज्याच्यापायी एवढं रामायण झालं, दोन भोकांच्या मधोमध जळून काळा पडला होता. हेड मलकापूरला लेथवर नेऊन त्याला फेस मारून, म्हणजे खालची बाजू सपाट घासून आणली. एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर ते पोत्यात बांधून ठेवलं होतं. कंडक्टरनं विचारलं काय आहे, मी म्हटलं डोकं आहे. त्यानं तिकिटाचं नावच काढलं नाही.

नवं गॅस्केट बसवून बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा मी कडेपासून सुरुवात केली. निवृत्तीकाका बाजेवरूनच ओरडले, "भाकर कुठून थापत व, कडेतून का मधातून?" मी म्हटलं, मधातून. "मंग मधातूनच आवय. अन् एका दमात नाई. तीन फेऱ्या." इतकं सोपं कुणी मला आधी सांगितलंच नव्हतं. मधून बाहेर, मधून बाहेर, दर फेरीला थोडा जोर वाढवायचा. त्यांचा तो मापाचा पाना आहे, जोर पुरा झाला की टक वाजतो. तिसऱ्या फेरीला प्रत्येक बोल्टवर टक वाजला. वीस वर्षं भाकरी थापल्याचा उपयोग इंजिनाला होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

बाराव्या दिवशी गाडी चालू झाली. आधी खोकली, पांढरा धूर सोडला, मग लागली. शेषराव चौकातून उठून बघायला आले. मी त्यांना बसा सुद्धा म्हटलं नाही.

पण राजकुमार, ही सगळी फुशारकी झाली. मधल्या एका दिवसाचं अर्धं मी गाळलं आहे, आणि तुझ्यासाठी तेच महत्त्वाचं आहे.

हेड उतरवलं त्या दिवशी निवृत्तीकाकांनी पाण्याच्या भोकांवरून बोट फिरवलं. डोळ्यांपेक्षा त्यांचा आता बोटांवर भरवसा. भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांवर पांढरा खडबडीत थर होता. हा थर आपल्या घरात कुणाला ओळखावा लागत नाही. बोअरचं पाणी भरलेल्या प्रत्येक हंड्याला तो बसतो, बादलीला बसतो, डाळ शिजत नाही ती त्याच पाण्यानं. काकांनी विचारलं, "यात खारं पानी कोनं टाकलं व? अशा गाडीत कूलंट टाकत असते." मग मी रेडिएटरच्या बाजूची, वर आलेलं पाणी साठायची प्लॅस्टिकची बाटली काढून उजेडात धरली. तळाला हिरवा डाग होता. तू टाकलेल्या कूलंटचा, इंजिनला गंजू आणि उकळू न देणाऱ्या त्या हिरव्या पाण्याचा. नऊ महिने ती बाटली तिथेच होती, आणि तुला खोटारडा म्हणणाऱ्यांपैकी एकानंही वाकून पाहिलं नव्हतं.

होळीनंतर घाटातून चौकात गाडी ओढून आणली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, आत साधं पाणी आहे, कूलंट टाकलेलंच नाही. तू म्हणालास, "दादा, म्या दसऱ्याच्या आधी पूरा डबा टाकला, हिरवा." तुझा दादा म्हणाला, "मंग गेलं कुठी? खोटं काऊन बोलतं बे?" सगळ्यांसमोर. शेषरावांसमोर. त्याच आठवड्यात लोणारच्या कारभारी पाटलांनी, करिष्माच्या वडिलांनी, शेषरावांकडेच तुझी चौकशी केली आणि जमत आलेली सोयरीक मोडली. मुलगा कामचुकार आणि वर खोटं बोलतो, असं उत्तर त्यांना मिळालं. तू कपडे भरलेस आणि निघून गेलास.

गेलं कुठी, ते मी सांगते. खंडेनवमीला मी गाडी पूजेसाठी धुतली. चाकांना, काचेला, सगळीकडे हात फिरवला, मग म्हटलं हिच्या पोटातलंही बघावं. झाकण उघडलं तर आत हिरवं पाणी. मला वाटलं, टाकीत धरतं तसं शेवाळ धरलं. देवाच्या दिवशी गाडीच्या पोटात घाण पाणी कशाला, म्हणून खालची तोटी सोडून सगळं काढून टाकलं, स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं आणि बोअरचं पाणी भरलं. गोडं पाणी टँकरचं, ते गाडीला कोण देणार. पुढे रोज सकाळी सडा टाकून उरलेलं पाणीही मीच त्यात ओतत गेले. केवढी सेवा केली मी त्या गाडीची.

आणि तू चौकात "हिरवा" म्हणालास तेव्हा मी दारात उभी होते. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. तो शब्द ऐकला आणि मला खंडेनवमीला काढून टाकलेलं ते पाणी आठवलं. मला कळलं होतं. पुरतं नाही, पण कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. मी पदर ओढून आत गेले आणि कणीक मळायला बसले. नंतर नऊ महिने स्वतःला समजावत राहिले की कदाचित तसं नसेल, कदाचित इंजिनच जुनं असेल. गाडी मी शेषरावांना दाखवायला खोललेली नाही. ती भंगारात गेली असती तर खरं काय ते कधीच कळलं नसतं, आणि मला त्यातच सुटल्यासारखं वाटलं असतं. त्या सुटकेचीच मला लाज वाटली.

गाडी चालू झाली त्याच दिवशी मी ती बाटली घेऊन चौकात गेले. तुझा दादा होता, शेषराव होते, आणखी पाच-सात जण होते. म्हटलं, पोरगं खरं बोलत होतं, कूलंट मी काढलं आणि गप्पही मीच बसले. कुणी हसलं नाही. शेषराव म्हणाले, "जाऊ द्या ना वहिनी, झालं ते झालं." मी म्हटलं, तुमच्यासाठी झालं असेल, लोणारला तुम्ही काय सांगितलं ते अजून तसंच आहे. तुझा दादा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ताटावर बसला असता म्हणाला, "त्याले म्या खोटारडा म्हटलं होतं." तेवढंच बोलला आणि जेवण तसंच ठेवून उठला.

आता हे पत्र का, ते सांगते. याचीच दुसरी प्रत मी करून ठेवली आहे आणि येत्या रविवारी ती घेऊन लोणारला कारभारी पाटलांच्या घरी जाणार आहे. करिष्माचं अजून कुठे जमलेलं नाही हे मी काढून घेतलं आहे, पण मी मुलगी मागायला जात नाही, तो तुझा आणि तिचा प्रश्न. मी फक्त त्यांच्या बैठकीत बसून सांगणार आहे की खोटेपणा तुमच्या होणाऱ्या जावयानं नाही, त्याच्या वहिनीनं केला. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, मी ऐकून घेईन. तुझा दादा गाडी चालवणार आहे. मी सांगितलं नव्हतं, त्यानंच काल विचारलं, "रविवारी कवा निघाचं?" तू नको म्हणालास तरी मी जाणार, कारण तुझं नाव मी घालवलं आहे आणि ते परत आणायला मला तुझी परवानगी लागत नाही. राग आला तर धर, पण माझ्यावर धर. घरावर धरू नकोस. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं, आणि कुणी कधी विचारलं की खोटारडा कोण, तर दाखवायला तुझ्याजवळ कागद असावा म्हणून खाली पूर्ण नावानं सही केली आहे.

बोलायला नऊ महिने उशीर केलेली, तरी तुझीच वहिनी,
अनुपमा रंगराव सातव